पदराआडची झोप

परळीच्या वैजनाथाविषयी अशी आख्यायिका सांगतात की, समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि ते घेऊन वर आलेला धन्वंतरी, या दोहोंना दानवांच्या हाती लागू न देण्यासाठी देवांनी येथील शिवलिंगात दडवून ठेवले. दानव लिंगाला हात घालावयास धावले तेव्हा त्यातून ज्वाळा उसळल्या, आणि भाविकांनी स्पर्श केला तेव्हा मात्र अमृताची धार वाहू लागली. म्हणूनच की काय, या क्षेत्री सामान्य भक्तालाही स्वहस्ते लिंगास स्पर्श करण्याची मुभा आहे. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या मंदिराच्या दगडी पायऱ्यांवर, श्रावणी सोमवारच्या गर्दीतही, कोणी ना कोणी बाई बाजूला सरून बसलेली आणि पदर पुढे ओढून मुलाला पाजीत असलेली दिसतेच. पदराबाहेर राहिलेली मुलाची मूठ आधी घट्ट आवळलेली असते. मग ती सैलावते. ओठांची चाल मंदावते, मध्येच थांबते, पुन्हा दोन-चार घोट चालते. आणि मूठ पुरती उघडून हात खाली लोंबू लागला की बाई हलकेच करंगळी मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यात घालून आपली सुटका करून घेते. मूल झोपलेले असते.

अशा ठिकाणी अमृताची उपमा कोणालाही सुचेल, आणि ती देऊन स्तनपानाचा विषय मोकळा करण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. मला त्या उपमेचा थोडा कंटाळा आहे. एखाद्या वस्तूस अमृत म्हटले की ती देणाऱ्याच्या अन्नाचा, श्रमाचा आणि विशेषतः वेळेचा हिशेब मागणे अप्रशस्त ठरते; देवाच्या दारी कोणी जमाखर्च मांडीत नाही. वस्तुतः तान्ह्या मुलाची झोप ही सर्वस्वी हिशेबाची बाब आहे. आईच्या दिवसावर आणि रात्रीवर कोणाचा ताबा आहे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर ती अवलंबून असते. आणि हे उत्तर परळी तालुक्यात जितके स्पष्ट वाचता येते तितके फार थोड्या ठिकाणी वाचता येत असेल. येथे एकीकडे ज्योतिर्लिंगाचे गाव आहे, दुसरीकडे १९७१ पासूनचे औष्णिक विद्युत केंद्र व त्याच्या आधाराने उभी राहिलेली पगारदार वस्ती आहे, आणि तिसरीकडे बालाघाटाच्या माळरानावरची ती खेडी आहेत की जेथील निम्मी घरे दिवाळीच्या सुमारास दाराला कुलूप लावून ऊसतोडीस निघून जातात.

प्रथम घरातली रीत पाहू. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते, आणि प्रसूतीनंतर सव्वा महिना तिला आडबाजूच्या खोलीत, बाजेवर, वाऱ्यापासून जपून ठेवले जाते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा व बाळंतशेपा. खाण्यात बाजरीची भाकरी, लसूण, मेथी, डिंकाचे व अळिवाचे लाडू, खसखशीची खीर. यांपैकी कोणत्या पदार्थाने दूध वाढते आणि कोणत्याने नुसते समाधान वाढते, याविषयी वैद्यांत व डॉक्टरांत मतभेद आहेत. परंतु माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतील खरे औषध त्या लाडवांत नसून त्या सव्वा महिन्यात आहे. चाळीस दिवस त्या बाईकडून कोणी काम मागत नाही, तिला चुलीपुढे बसू देत नाही, पाण्याला पाठवीत नाही. सोयराच्या व विटाळाच्या ज्या कल्पनांनी तिला कोपऱ्यात बसविले त्या कल्पना आज टाकाऊ वाटोत. त्यांच्या आडून तिला जी सक्तीची रजा मिळाली ती मात्र टाकाऊ नव्हती.

आणि आजी मुलाला झोपविते ती क्रिया तर पाहण्यासारखी असते. ती पाटावर बसून पाय लांब पसरते, लुगडे गुडघ्यांवर घेते, आणि मुलाला त्या दोन नडग्यांच्या खोबणीत पालथे घालते. तेलाचा हात पाठीवरून, कुल्ल्यांवरून, टाचांपर्यंत. मग उताणे करून छातीवर, पोटावर वर्तुळाकार. मग ऊन पाण्याचे तांबे, डोळ्यांवर पाणी जाऊ नये म्हणून कपाळाशी आडवी धरलेली तळहाताची पाळ. मूल आकांत करते, आणि आजीला त्याचे काही वाटत नाही. अंग पुसून, टाळूवर तेल थापून, डोक्याला कुंची घालून, दुपट्यात गुंडाळलेले ते लालबुंद गाठोडे आईच्या कुशीत जाते. पाच-सात मिनिटे ते अधाशासारखे पिते आणि मग असे निपचित झोपते की घरातील माणसांची जेवणे, भांडी, धुणी सारे त्या एका झोपेत आटोपते. धुरी देण्याची त्यापुढची पायरी मात्र वगळावी; तान्ह्या फुप्फुसांस धूर सोसत नाही, असे बालरोगतज्ज्ञ एकमुखाने सांगतात. दुपट्यात पाय सरळ ताणून करकचून बांधणेही खुब्याच्या सांध्यास बाधक असते.

जुन्या रीतीचा खरा दोष मात्र निराळ्या जागी आहे. बाळंतिणीस पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर दाट चीक पिळून टाकावयाचा आणि तोवर मुलाला मध, गूळपाणी किंवा घुटी चाटवायची, हा प्रघात अनेक घरांत अजून पुरता मोडलेला नाही. त्याची मुळे जुनी आहेत. वाग्भटाने स्तन्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवृत्त होते असे मानून आधीच्या दिवसांसाठी मध-तुपाची योजना सांगितली. निरीक्षण बरोबर होते, कारण दुधाचा भर त्याच सुमारास येतो, परंतु त्यापूर्वी जे चमचा-दोन चमचे येते त्यात रोगप्रतिकारक द्रव्यांचा सर्वांत मोठा साठा असतो, हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. जन्मल्यापासून तासाभरात मूल अंगावर घ्यावे, सहा महिने पाण्याचा थेंबही न देता केवळ आईचे दूध द्यावे, आणि पुढे वरच्या अन्नासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तासाभरात दूध मिळालेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून जेमतेम अधिक भरले; आणि ही स्थिती बहुसंख्य प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्यानंतरची, हे विशेष. म्हणजे दोष आता आजीकडे बोट दाखवून मोकळे होण्याजोगा राहिला नाही.

ज्या महाराष्ट्रात हे घडते त्याच महाराष्ट्रात लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे शीवच्या दवाखान्यात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली, आणि स्तनपानाच्या पुरस्काराचे देशव्यापी जाळे १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्यास स्थापन झाले. पुढच्याच वर्षी दुधाच्या भुकटीच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा झाला. कायद्याने डबा दुकानाच्या काचेमागून हलला. नातेवाइकांच्या मनातून तो हलला नाही. मूल रात्री दोनदा अधिक रडले की ‘हिचं दूध पुरत नाही’ हा निकाल घरोघर अजूनही साक्षीपुराव्यावाचून लागतो.

वास्तविक रडण्याचा, दुधाचा आणि झोपेचा परस्परसंबंध त्याहून बराच सूक्ष्म आहे. मूल चोखू लागले की त्या स्पर्शाचा संदेश आईच्या मेंदूपर्यंत जातो व तेथून दोन स्राव सुटतात: प्रोलॅक्टिन दूध तयार करविते, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलते. या दुसऱ्या स्रावाच्या कामासच आपल्या बायका पान्हा फुटणे म्हणतात, आणि तो मूल छातीशी येण्यापूर्वीच, नुसत्या त्याच्या रडण्याने, कधी आठवणीनेही फुटतो. सुश्रुताने निदानस्थानात हे नेमके टिपले आहे: अपत्याच्या दर्शनाने, स्पर्शाने, स्मरणाने स्तन्य स्रवते आणि त्या प्रवाहाचे कारण स्नेह होय, अशा अर्थाचे त्याचे प्रतिपादन आहे. भीती, वेदना, अपमान यांनी हाच पान्हा अडतो. सासूने चारचौघांत दुधाची नालस्ती केली की दूध खरोखरच उतरेनासे होते, ते असे.

मुलाच्या बाजूने पाहता, चोखण्याने व दूध पोटात उतरण्याने त्याच्या आतड्यांतून कोलेसिस्टोकायनिन नावाचा स्राव सुटतो, आणि तो तृप्तीबरोबर गुंगी आणतो. आईच्या शरीरातही चोखण्याने तोच स्राव वाढतो, म्हणून पाजता पाजता आईचाही डोळा लागतो. रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन हे निद्राकारक द्रव्य असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. तान्ह्या मुलाला स्वतःचे रात्रीचे घड्याळ नसते. ते साधारण तिसऱ्या महिन्याच्या आगेमागे चालू लागते. तोवर रात्र झाली ही वार्ता त्याला आईच्या दुधातून कळते. प्रोलॅक्टिनचा भरही रात्री अधिक, सबब रात्रीचे पाजणे बंद केले तर पुढील दिवसांचे दूधही घटते. आईचे दूध दीड-दोन तासांत पचते आणि नवजाताचे जठर लहानसे असते; म्हणून ते वारंवार उठते. दिवसाचे सोळा-सतरा तास झोपणारे, परंतु एका दमात तीन तासही न झोपणारे मूल बिघडलेले नसून ते जसे असावे तसेच आहे.

असे असता, मुलाला पाजत झोपवू नये, त्याला ‘सवय’ लागेल, हा उपदेश कोठून आला? खेड्यातील आजीने तो कधी केल्याचे ऐकिवात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग या डॉक्टराने घड्याळाच्या ठोक्यावर, चार-चार तासांनी पाजण्याची व रात्री मुळीच न पाजण्याची शिस्त इंग्रजी जगात रूढ केली; ती साहेबाच्या पुस्तकांतून आपल्या मध्यमवर्गात झिरपली, आणि आता तीच शिस्त नवा वेष घेऊन मोबाइलच्या पडद्यावरून नोकरदार घरांत उतरली आहे. परळीच्या वसाहतीतील एखादी तरुण आई अपरात्री मांडीवर मूल आणि हातात मोबाइल घेऊन, मुलाला एकटे रडू देऊन झोपावयास शिकविण्याचे परदेशी धडे वाचीत बसलेली असते, आणि पलीकडच्या खोलीतील तिची सासू ‘अगं, घे की त्याला अंगावर’ म्हणून कण्हत असते. येथे मी निःशंकपणे सासूच्या पक्षाचा आहे. पाजत झोपणे ही सवय असेल तर ती दात येण्याच्या, चालण्याच्या वयात हळूहळू सोडविता येते. थोपटणे, गाणे, वडिलांच्या खांद्यावरची फेरी या तिच्या जागी येतात. वडिलांचा उल्लेख मी मुद्दाम केला. ढेकर काढण्यास व खांद्यावर घेऊन फिरण्यास दुधाची गरज नसते.

काही सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. मूल निजविताना उताणे निजवावे, तोंडाशी उशी वा गोधडी नसावी. कुशीत घेऊन झोपणाऱ्या घरांत मद्य प्यालेला माणूस त्या अंथरुणात नसावा. झोळीत मुलाची हनुवटी छातीशी दुमडली जाणार नाही हे वरचेवर पाहावे लागते, कारण पहिल्या काही महिन्यांत त्याला मान सावरता येत नाही आणि श्वास कोंडू शकतो. आणि मराठवाड्यात घरोघर चालणारी मिश्री: तिच्यातील निकोटिन दुधात उतरते व मुलाची झोप तोडते. मूल झोपू देत नाही म्हणून वैतागून पुन्हा मिश्री लावणाऱ्या आईला हा फेरा कोणी समजावून सांगत नाही.

झोप न येणाऱ्या मुलाला झोपविण्याचा एक तिसरा उपायही महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे, आणि तो आज आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका, ज्यांत कोकणच्या व घाटावरच्या मराठी बायकांचा भरणा होता, कामावर निघण्यापूर्वी आपल्या तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देत असत. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करावयास डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना नेमले. गिरणी कामगार बायकांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. त्या गोळीने मूल दिवसभर पडून राही. भूक लागली तरी उठत नसे, आणि न उठणारे मूल न पिता सुकत जाई. या बाया क्रूर नव्हत्या, अडाणीही म्हणवत नाही; भोंगा झाला की आत जावे लागे, आणि चाळीच्या खोलीत रडणाऱ्या मुलाला पाजावयास मधल्या काळात बाहेर येता येत नसे. दुधाने येणाऱ्या झोपेला आई हवी; अफूने येणाऱ्या झोपेला आई लागत नाही. गिरणीला नेमकी हीच दुसऱ्या प्रकारची झोप परवडत होती. ज्या खसखशीची खीर बाळंतिणीस द्यावयाची त्याच झाडाच्या बोंडाचा चीक तिच्या मुलाला द्यावयाचा, हा योगायोग त्या काळी कोणाला जाणवला असेल की नाही कोण जाणे.

याला उत्तर निघाले ते उपदेशातून नव्हे, कायद्यातून. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक आले तेव्हा, १९२८ च्या जुलैत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना असा युक्तिवाद केला की बाळंतपणापूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि जो मालक तिच्या श्रमातून नफा काढतो त्याने त्या विश्रांतीचा भार काही अंशी उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला, हिंदुस्थानातील या प्रकारचा पहिलाच. भत्ता दिवसाला आठ आणे. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघरे आली. १९६१ च्या प्रसूतिसुविधा कायद्याने, मूल पंधरा महिन्यांचे होईतो, रोज दोन वेळा पाजण्यासाठी पगारी सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली. विद्युत केंद्राच्या कचेरीत काम करणाऱ्या बाईस हे सर्व हक्काने मिळते, आणि मिळावयासच पाहिजे.

आता त्याच तालुक्यातील तिसरी आई. तिला कामावर ठेवताना तिचे नाव स्वतंत्रपणे कोणी लिहीत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’; मुकादम त्या कोयत्याला हंगामापूर्वी उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याच्या टोळीशी बांधलेला. उचल बहुधा आजारपण, लग्न किंवा गेल्या वर्षीची थकबाकी यांत आधीच खर्च झालेली असते. बीड जिल्ह्यात लहान वयात लग्ने होतात, वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांतील शंभरांत चाळिसांहून अधिक जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली असतात, आणि त्याचे एक कारण हेच की कोयता जोडीचा लागतो. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची होते तोवर तिच्या मांडीवर एक आणि पाठीशी एक मूल असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर-ट्रॉलीत ज्वारीचे पोते, पत्र्याची पेटी, चूल, शेळी, कोंबड्या आणि त्या सर्वांच्या वर माणसे असा संसार रचून टोळ्या निघतात: सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, आणि सीमेपलीकडे बेळगावकडे. आपण दिवाळीच्या फराळाला बसतो त्या आठवड्यात.

कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, मुलांना उचलायचे आणि उजाडण्यापूर्वी फडावर पोचायचे. नवरा ऊस तोडतो. बाई वाढे तोडते, पाचट सोलते, मोळ्या बांधते, आणि गाडी भरण्याच्या वेळी ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. मुलाची झोळी बांधायला झाड नसेल तर बैलगाडीच्या साटीखाली जुन्या लुगड्याची दोन टोके गाठ मारून अडकवितात; चाकाची सावली सरकते तशी झोळीही सरकवावी लागते. झोका द्यावयास सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा गावी राहिलेली. जुन्नर-आंबेगावच्या बाजूस उसात बिबट्याचे भय, इतरत्र सापाचे. मळ्यात मागेपुढे होणाऱ्या ट्रॅक्टरचे भय सर्वत्र सारखे.

मूल रडू लागले की आईला ते ऐकू येते, आणि पान्हा फुटतो. चोळी भिजते; पाचटाची कूस व धूळ त्या ओल्या चोळीला चिकटते. परंतु मोळ्या मोजून गाडी भरायची असते, आणि गाडी वेळेवर गेली नाही तर पुढील पाळी चुकते. मग बहीण मुलाला साखरपाण्यात बुडवलेला कपडा किंवा बिस्किटाचा चुरा देते. छातीत साठलेले दूध तासन् तास न निघाल्याने गाठी धरतात, ठणकतात, कधी पिकतात. आणि शरीराचा नियमच असा की जे उपसले जात नाही ते पुढे कमी तयार होते. दूध काढून वाटीत ठेवावे तर ते साध्या हवेत चारएक तास टिकते खरे, पण त्यासाठी हात धुवायला स्वच्छ पाणी आणि झाकायला स्वच्छ भांडे लागते, आणि फडावर या दोहोंचीच वानवा. एक दिवस काम चुकले तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड उचलीत मांडला जातो. तीन-चार महिन्यांच्या मुलाची आई जेव्हा ‘दूध आटलं’ म्हणते तेव्हा ऊस तिने तोडलेला असतो आणि दूध खाड्याने.

बीडचे नाव २०१९ साली देशभर गाजले ते ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमुळे. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे खाजगी डॉक्टरांचे अर्थकारण होते, अज्ञान होते, आणि पाळीच्या दिवसांतील खाड्याची धास्तीही होती. दूध आटण्याला शस्त्रक्रिया लागत नाही, दाखला लागत नाही, त्याची कोठे नोंदही होत नाही. म्हणून त्यावर समिती बसत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आशाताईने प्रसूतीनंतरच्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी जाऊन मूल पाहावे, अशी जी योजना आज देशभर आहे तिची मुळे गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी केलेल्या घरोघरच्या नवजात शुश्रूषेच्या प्रयोगात आहेत, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. परंतु आशाताईची वही गावाची असते, आणि बाळंतीण गावात नसते. तिसऱ्या भेटीला घराला कुलूप लागलेले दिसते. स्थलांतरित माता-बालकांची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठविण्याची संगणकीय व्यवस्था महिला व बालविकास खात्याने अलीकडे उभारली. तिचा उपयोग फडाजवळच्या अंगणवाडीसेविकेने टोळी शोधत शेतात जाण्यावर अवलंबून राहतो. कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे निघाली. ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी आहेत, अंगावर पिणाऱ्यांसाठी नव्हेत. परळी तालुक्यातील नाथ्रा गावच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, आणि कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये व शासनाने तितकेच, असा त्याचा निधी ठरला. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ मान्य झाली. त्या वाटाघाटींत दराची, मुकादमाच्या कमिशनची, विम्याची चर्चा झाली. तान्ह्या मुलाच्या दुधाची झाल्याचे कोठे वाचनात आले नाही.

कायद्याची अडचण अशी सांगतात की ऊसतोड बाईचा मालकच ठरत नाही. कारखाना म्हणतो ती मुकादमाची, मुकादम म्हणतो ती उचलीची, आणि शेतकरी म्हणतो माझा ऊस तेवढा वेळेवर गेला म्हणजे झाले. गिरणीमालकही शंभर वर्षांपूर्वी जॉबरकडे, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाकडे, बोट दाखवीत असत. तेव्हा कायदेमंडळाने ते ऐकून घेतले नाही, इतकाच फरक.

माझी मागणी लहान आहे, आणि ती महामंडळाकडे व साखर संघाकडे आहे. कोयत्याच्या नोंदीत बाईचे नाव स्वतंत्र घालावे. पंधरा महिन्यांखालील मूल असलेल्या बाईस सकाळी एकदा व दुपारी एकदा पाजण्याची सुटी असावी, आणि तिचा खाडा मांडता येणार नाही, असे एक कलम मुकादमाच्या करारनाम्यात छापावे. प्रसूतीनंतर निदान सहा महिने तिला फडावर आणण्याची सक्ती उचलीच्या जोरावर होऊ नये व त्या काळातील भरपाई टनामागच्या वीस रुपयांच्या निधीतून द्यावी. प्रत्येक मोठ्या तळावर एक सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि मुले सांभाळणारी, टोळीतलीच, एक पगारी बाई असावी. टोळ्यांतून अशा वयस्क, काम न झेपणाऱ्या बाया हव्या तितक्या असतात. यांतील पहिल्या दोन गोष्टींस निधी लागत नाही, विधेयकही लागत नाही. पुढील हंगामाचे करारनामे छापण्यापूर्वी त्या होऊ शकतात. यंदाच्या टोळ्या निघून गेल्या आहेत, आणि फडांवरून त्या परतावयास मार्च-एप्रिल उजाडेल.